हजारावं शब्दकोडं आणि पोटभाडेकरू

आमच्या कंप्युटरला काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना एखाद्या भल्या माणसाला वाटायचं की सुरुवातीला काहीतरी बिघाड असेल आणि बिचाऱ्याने तो दुरुस्त करायला घेतला असेल. तसं नव्हतं. कंप्युटर अकरा वर्षांचा होता, बटण दाबल्यापासून चहा होईपर्यंत सुरू व्हायचा, आणि चहा आम्हाला तसाही लागतोच. त्यावर माझी बायको दर आठवड्याला एक शब्दकोडं रचायची आणि ते रविवारच्या पेपरात छापून यायचं. आधीची कागदावरची वर्षं धरून एकोणीस वर्षं. एक रविवार चुकलेला नाही. माझं अपेंडिक्स काढलं त्या आठवड्यातही चुकला नाही. त्या वेळच्या कोड्यात 'पोटात असतं, उपयोग शून्य, त्रास मात्र देतं; चार अक्षरं' असा एक शब्द होता. उत्तर आंत्रपुच्छ. मी ते मनाला लावून घेतलं नाही.

तर त्या बुधवारी दुपारी बारापर्यंत पेपरच्या ऑफिसात तिचं हजारावं कोडं पोचायचं होतं. संपादक ते चौकटीत छापणार होते. अशा आठवड्यात शहाणा माणूस कंप्युटरवरची धूळसुद्धा पुसणार नाही. मी शनिवारी सकाळी त्याची अख्खी सिस्टीम बदलली.

याला जबाबदार आमच्या ऑफिसातल्या आस्थापना विभागातला दाढीवाला. एरवी अत्यंत सज्जन माणूस. त्याने मला विचारलं, "तुम्ही घरी अजून तीच जुनी सिस्टीम वापरता?" अजून अंगठाच उठवता का, असं विचारावं त्या सुरात. मग त्याने लिनक्सचं माहात्म्य सांगितलं. फुकट मिळतं, व्हायरस लागत नाही, वर्षानुवर्षं बंद पडत नाही, आणि मुख्य म्हणजे ते वापरणाऱ्याला कंप्युटर कळतो असं लोकांना वाटतं. शेवटचा मुद्दा त्याने उच्चारला नाही, पण माझ्यापर्यंत पोचला. पंचवीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाला लोकांना काहीतरी वाटावं असं फार वाटत असतं.

लिनक्स बसलं झकास. मध्येच त्याने नम्रपणे विचारलं, 'संपूर्ण डिस्क पुसून टाकू का?' मी तितक्याच नम्रपणे 'हो' म्हटलं. बायकोने एकोणीस वर्षांत जमवलेली चाळीस हजार शब्दांची यादी मी आधीच पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. तेवढी अक्कल शाबूत होती. दुपारी ती आली, नव्या निळ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. माझं कोड्याचं सॉफ्टवेअर कुठाय?"

ते जुन्या सिस्टीमवरच चालायचं. ज्याने ते बनवलं होतं तो हल्ली रोपवाटिका चालवतो आणि कंप्युटरचा विषय काढला की कुंड्या दाखवतो.

"होईल," मी म्हणालो.

"काय होईल?"

"व्यवस्था होईल."

हे सरकारी वाक्य आहे. त्यात कोण, कधी आणि कसं हे तिन्ही नसतं. बायकोने माझ्याकडे आडवं-उभं पाहिलं आणि ती भाजी निवडायला गेली.

दाढीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, त्यात काय, व्हर्च्युअल मशीन करा. म्हणजे आपल्या कंप्युटरच्या पोटात दुसरा खोटा कंप्युटर तयार करायचा, त्यात जुनी सिस्टीम घालायची, आणि तिच्यात कोड्याचं सॉफ्टवेअर. आतल्याला कळतच नाही की आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय. बायकोला हे समजावून सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे पोटभाडेकरू." दाढीवाल्याने अर्धा तास घेतला होता.

रविवारी पोटभाडेकरूसाठी लागणारं पॅकेज बसवायला घेतलं. लिनक्समध्ये कुठलीही गोष्ट एकटी येत नाही. एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि तिसरं म्हणतं की मला पहिल्याची जुनी आवृत्ती हवी. मला हे अजिबात अवघड गेलं नाही. रहिवासी दाखल्यासाठी वीजबिल आणि वीजबिलासाठी रहिवासी दाखला मागणाऱ्या खिडक्यांसमोर माझी हयात गेली आहे. फरक इतकाच, की खिडकीतला माणूस दुपारी जेवायला जातो आणि आपल्याला तेवढी विश्रांती मिळते. इथे तसं नव्हतं. सतरा आज्ञा टाइप केल्यावर मशीनने मला कळवलं की 'तुम्ही मोडकी पॅकेजेस धरून ठेवली आहेत.' मी! ज्याने आयुष्यात ऑफिसचा साधा स्टेपलर घरी आणला नाही, त्याने मोडकी पॅकेजेस धरून ठेवली! मी खुर्चीवरून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

गॅलरीत शेजारचे मास्तर होते. शाळेत पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळ्या बिघाडांचं एकच कारण ठाऊक आहे. "अर्थिंग बघा," ते म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, हे सॉफ्टवेअरचं आहे. "ते दिसायला सॉफ्टवेअरचं असतं," मास्तर म्हणाले, "मुळाशी अर्थिंग."

संध्याकाळपर्यंत पॅकेज बसलं. कसं बसलं ते विचारू नका. त्यानंतर कळलं की आमच्या मशीनमध्ये पोटभाडेकरू ठेवायची सोय कारखान्यातूनच बंद करून पाठवली आहे. ती उघडायला मशीन चालू होताना एक विशिष्ट बटण दाबायचं असतं. कुठलं, ते मशीन चालू होताना अर्धा सेकंद दाखवतात. नऊ वेळा मशीन चालू-बंद केल्यावर ते अक्षर मला दिसलं. सोमवारी ऑफिसातून आल्या आल्या कपाटातल्या जुन्या सीडींवरून जुनी सिस्टीम आत घातली, तिच्यात कोड्याचं सॉफ्टवेअर घातलं, आणि बायकोच्या ओळखीची ती काळी-पांढरी चौकट पडद्यावर उमटली. मला भरून आलं. खरंच आलं. मी तिला हाक मारली.

"वा," ती म्हणाली. "आणि माझे शब्द?"

शब्द पेनड्राइव्हवर होते. पेनड्राइव्ह बाहेरच्या कंप्युटरला दिसत होता. पोटभाडेकरूला दिसत नव्हता, आणि यादी उघडायची ती फक्त त्याच्याकडच्या कोड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये.

दाढीवाला फोनवर म्हणाला की पेनड्राइव्हचा नाद सोडा, आतल्या मशीनला नेटवर्क द्या, म्हणजे यादी स्वतःच स्वतःला ईमेलने पाठवता येईल. त्यासाठी आतून बाहेर ब्रिज, म्हणजे पूल, करायचा आणि त्याला स्वतंत्र पत्ता द्यायचा. पत्ता म्हणजे चार आकडे. पहिले तीन बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे सारखेच, शेवटचा आपला आपण ठरवायचा. "शेवटचा कुठला देऊ?" मी विचारलं. "मोकळा असेल तो द्या," तो म्हणाला आणि त्याच्याकडे पाहुणे आले म्हणून त्याने फोन ठेवला.

शेवटचा आकडा मी एक दिला. आता यावर लोक मला हसतात, पण त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते ऐका. हजारावं कोडं बायकोचं. मशीन तिच्यासाठी. तिची सोय मी मोडली होती. अशा माणसाने बायकोच्या मशीनला सत्तावन्नावा नंबर द्यायचा? घरात निदान एवढा तरी मान तिला मिळावा म्हणून मी एक नंबर दिला. लग्नानंतर तिला न विचारता मी केलेली ही बहुधा सर्वात प्रेमळ गोष्ट असेल.

इथे आमच्या बिल्डिंगची व्यवस्था सांगायला हवी. चोवीस बिऱ्हाडांना मिळून एकच इंटरनेट आहे. त्याची पेटी जिन्याखाली कुलपात असते आणि तिथून घरोघरी वायरी गेल्या आहेत. किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणजे जिन्यात चपला कशा ठेवाव्यात यावर आजवर सात नोटिसा काढलेला माणूस. प्रत्येक नोटिशीखाली मोठ्या अक्षरात 'सचिव' आणि त्याखाली दोन रेघा.

पत्ता दिला, तरी पोटभाडेकरूला इंटरनेट मिळेना. मग मी पद्धतशीरपणे शोध सुरू केला. लिनक्समध्ये दुसऱ्या यंत्राला हाक मारून 'आहेस का' विचारायची आज्ञा असते. जिन्याखालच्या पेटीचा पत्ता जुन्या कागदावर होता, तो न वाचता तसाच्या तसा उतरवला आणि हाक मारली. उत्तर आलं. इतकं तत्पर उत्तर मी कुठल्याही कार्यालयाकडून ऐकलेलं नाही. पन्नास वेळा हाक मारली, पन्नास वेळा ओ. याचा अर्थ पेटी ठणठणीत होती आणि बिघाड दुसरीकडे होता. हे मी वहीत तारखेसह लिहून ठेवलं.

इतक्यात दारावर थाप. सेक्रेटरी, मास्तर आणि मागे पाचसहा जण. अख्ख्या बिल्डिंगचं इंटरनेट गेलं होतं.

"तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे," सेक्रेटरी म्हणाले. "वहिनी परवा सांगत होत्या, तुम्ही सगळी सिस्टीम बदललीत."

वहिनींनी ते कुठल्या सुरात सांगितलं असेल हे मला कळलं, पण सेक्रेटरींना कळलं नव्हतं. मी कंप्युटर बंद केला. घराबाहेर पडताना दिवा, पंखा, कंप्युटर बंद करायचा हा माझा पंचवीस वर्षांचा नियम आहे. खाली गेलो. पेटी उघडली. तिच्यावर दोन बोटांनी टिचकी मारली, कारण एवढी माणसं बघत असताना काहीतरी करावंच लागतं. आणि वरच्या मजल्यावरून ओरडा आला, "आलं! आलं!"

मी घरी येऊन कंप्युटर सुरू केला. दहा मिनिटांत पुन्हा थाप. पुन्हा गेलं होतं. मी कंप्युटर बंद करून खाली गेलो, टिचकी मारली, इंटरनेट आलं. त्या संध्याकाळी हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मास्तर म्हणाले, "तुमच्या हाताला गुण आहे." आणि क्षणभर थांबून, "शिवाय अर्थिंग."

मंगळवारी सकाळी जिन्यातच सभा झाली. बिघाडाची चौकशी करायला त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. सेक्रेटरी, मास्तर, आणि अध्यक्ष मी. नाही म्हणालो नाही. आवक-जावकमध्ये पंचवीस वर्षांत मला कोणी कशाचंही अध्यक्ष केलेलं नाही. एकदा निरोप समारंभाच्या बिस्किटांची जबाबदारी दिली होती, तीसुद्धा दोघांत विभागून. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

समितीने प्रथम इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिथल्या ध्वनिमुद्रित बाईंनी सांगितलं की तक्रार फक्त इंटरनेटवरून नोंदवता येईल. सेक्रेटरींनी गच्चीत उभं राहून मोबाइलवरून फॉर्म भरला. त्यात अकरावा रकाना होता, 'तुमचं इंटरनेट सध्या सुरू आहे का?' 'नाही' लिहिलं की फॉर्म म्हणायचा, 'कृपया सुरू झाल्यावर प्रयत्न करा.' शेवटी 'हो' लिहिल्यावर तक्रार घेतली गेली. दुपारी कंपनीचा मेकॅनिक आला. अध्यक्ष म्हणून मी त्याच्याशेजारी उभा, अर्थात घरचा कंप्युटर बंद करून. इंटरनेट नदीसारखं वाहत होतं. मेकॅनिकने आमच्याकडे दयेने पाहिलं, 'बिघाड आढळला नाही' असं लिहून माझी सही घेतली आणि तो गेला. मी घरी आलो, कंप्युटर लावला, आणि चोवीस घरांत अंधार झाला. म्हणजे दिवे होते, पण लोकांच्या तोंडावर अंधार होता. समितीची तातडीची बैठक झाली. तीत पेटीमागे उंदराच्या लेंड्या असल्याचं मास्तरांनी निदर्शनास आणलं. उंदराने वायर कुरतडली असावी, आणि माणसांची चाहूल लागली की तो कुरतडायचं थांबवत असावा, असं समितीचं प्राथमिक मत पडलं. हे मत माझं होतं.

तिकडे बायकोने पोटभाडेकरूची आशा सोडली होती. जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद, पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर. पहिली चारशे कोडी तिने अशीच केली होती. चाळीस हजार शब्द पेनड्राइव्हमध्ये अडकलेले, म्हणून ती आठवून आठवून लिहीत होती, एक घर जमलं की तीन खोडत होती. तिच्या बोटांना शिसं लागलं होतं. ते बघून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझा आवाज विनाकारण चढतो.

"थोडा धीर धर, समिती मुळाशी पोचलीय," मी म्हणालो.

"बसा जरा," ती म्हणाली. खोडरबराचे कण तिने फुंकरीने उडवले. "तुम्ही काल तीनदा खाली गेलात. तीनदा इंटरनेट आलं. जाताना काय करता तुम्ही?"

"दिवा, पंखा, कंप्युटर..."

मी थांबलो.

"आणि ते माझ्या मशीनला शेवटचा आकडा कुठला दिलात?"

"एक. तुझा मान म्हणून."

ती उठली आणि ड्रॉवरमधून तो जुना कागद घेऊन आली. जिन्याखालच्या पेटीचा पत्ता. शेवटचा आकडा एक.

म्हणजे अख्ख्या बिल्डिंगने इंटरनेट मागितलं की मागणी जिन्याखाली न जाता थेट आमच्या पोटभाडेकरूकडे येत होती. त्याच्याकडे द्यायला होती एक काळी-पांढरी रिकामी चौकट. मी पन्नास वेळा मारलेल्या हाकेला पन्नास वेळा ओ देणारा तोच. माझ्याच घरातून मी मलाच 'आहेस का' विचारत होतो.

"काखेत कळसा," बायको म्हणाली. पुढचं म्हणायची गरज नव्हती. गावाला वळसा मी आधीच घातला होता.

मी आकडा बदलून सत्तावन्न केला. मिनिटाभरात वरून-खालून 'आलं, आलं' ऐकू आलं. पोटभाडेकरूलाही आलं, पण शिळ्या सिस्टीमला आजच्या ईमेलचं दार उघडेना, त्यामुळे शब्द तिथेच राहिले.

"आता जाऊन सांगा त्यांना," ती म्हणाली.

"सांगतो ना. योग्य वेळी."

"योग्य वेळ म्हणजे?"

"समितीचा अहवाल यायचाय अजून. मध्येच अध्यक्षाने बोलणं बरं दिसत नाही."

तिने कागद पुढे ओढला आणि एक संपूर्ण कोपरा खोडून पुन्हा रचायला घेतला.

बुधवारी अकराला कोडं तयार झालं. फोटो पाठवला तर रेघा वाकड्या येतात म्हणून कागदच द्यायचा होता. तिने तो पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं. मी म्हणालो, "मी नेऊन देतो." पुन्हा अर्धी रजा टाकली, उन्हातून चालत गेलो, पेपरच्या ऑफिसचे चार मजले चढलो आणि बाराला सात मिनिटं असताना पाकीट संपादकांच्या हातात ठेवलं. पोच घेतली. हजार पूर्ण झाले, एकही रविवार न चुकता, आणि त्यात शेवटचा हात माझा, या विचाराने परतताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

शुक्रवारी समितीने अहवाल सादर केला. दोषी, उंदीर. शिफारस, पिंजरा. मास्तरांची भिन्नमतपत्रिका सोबत जोडली होती, ती अर्थिंगविषयी होती. सभेने अध्यक्षांच्या आभाराचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर केला. मी उठून नमस्कार केला. बायको मागच्या रांगेत होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा थोड्या सावकाश.

रविवारी सकाळी साडेनऊला दार वाजलं. सेक्रेटरी होते. हातात पेपर, कानावर पेन्सिल. आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी बायकोचं कोडं सोडवल्याशिवाय कोणी अंघोळ करत नाही.

"वहिनींचं अभिनंदन सांगा. चौकट छान छापलीय," ते म्हणाले. "अध्यक्षसाहेब, एकाच ठिकाणी अडलोय. वहिनींना विचारणं म्हणजे कॉपी, तुम्हाला विचारलं तर चालेल. आडवा चौदा. 'न बिघडलेलं दुरुस्त करतो आणि मग बिघाड शोधायच्या समितीवर बसतो.' तीन अक्षरं."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"मी आपला 'सचिव' लिहिला," सेक्रेटरी हसत म्हणाले. "म्हटलं वहिनींनी आमची गंमत केली. पण उभ्या नऊमध्ये 'सवय' येतं, ते शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्यातला 'व' बरोबर मधल्या घरात पडतो. 'सचिव'मध्ये तो शेवटी. बसत नाही हो."

हे पाकीट मी स्वतः नेऊन दिलं होतं. चार मजले चढून. पोच घेऊन. कान गरम झाले, आणि तिचा राग यावा म्हणून मी क्षणभर वाट पाहिली, पण राग आला नाही. शरम वाटली. उंदराचीसुद्धा. बिचारा दोन दिवस पिंजऱ्याकडे बघत असेल.

"नवरा," मी म्हणालो.

"न, व, रा..." सेक्रेटरींनी भिंतीवर पेपर टेकवून एकेक घर भरलं. "बसलं! अगदी चपखल बसलं! मानलं तुम्हाला." पेन्सिल कानावर ठेवून ते निघाले.

मी दार लावून तिथेच उभा राहिलो. त्यांच्या चपला जिना उतरत होत्या. पाच पायऱ्या, सहा, सात. वळणावर आवाज थांबला. मग चपला परत वर चढायला लागल्या, सावकाश.

मागे वळून पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

"योग्य वेळ," ती म्हणाली, आणि चहासाठी तीन कप काढायला आत गेली.

त्यांनी थाप मारायच्या आधी मी दार उघडलं.